ओढा नकाशाबरहुकूम

"आप्पा, माझं एवढं एक काम करा. पावसाळा संपेपर्यंत ओढ्यातल्या एकाही दगडाला कुणाला हात लावू देऊ नका," जयमाला निघताना म्हणाली.

"लावून तर बघू दे कुनी!" आप्पासाहेब म्हणाले, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याला तिथंच सुरुवात झाली.

जयमाला ही त्यांची सून. मुलगा तुषार भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत कारकून होता आणि ती नगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होती. शिकवता शिकवता तिने पीएच.डी.चं मनावर घेतलं, आणि अभ्यासाला निवडला तो सासरच्या घरामागचा ओढा. राजूरपासून आत, डोंगराच्या कुशीत बसलेल्या धामणेवाडीचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. त्यामुळे शिकलेले लोक आपल्या ओढ्यावर पीएच.डी. द्यायला तयार झालेत, ही बातमी आप्पासाहेबांनी राजूरच्या बाजारात प्रत्येक पालावर थांबून सांगितली होती. भाजी न घेता सांगितली होती, हे चांगुणाबाई अजून बोलून दाखवत.

काम असं होतं. वैशाखात ओढा कोरडा असताना जयमालाने त्यावरून ड्रोन फिरवला. काठावरच्या पक्क्या खडकांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पाट्या ठोकून खुणा केल्या आणि वरून शेकडो फोटो घेतले. मग ते सगळे फोटो कम्प्युटरने एकमेकांत बसवले आणि ओढ्याचा असा नकाशा काढला, की त्यात दगड न् दगड दिसे. नुसता दिसे असं नाही, बोटाच्या पेराएवढा उंचवटाही त्यात मोजता येई. त्याची दाराएवढी एक प्रत जयमालाने खास आप्पासाहेबांसाठी आणून ओसरीच्या भिंतीवर लावली. पावसाळा संपला की पुन्हा तसेच फोटो काढायचे, दुसरा नकाशा करायचा आणि दोन्ही एकमेकांशी ताडून बघायचे.

हे तिने सासऱ्यांना नीट समजावून सांगितलं होतं आणि त्यांनीही ते नीट ऐकलं होतं. पण माणूस ऐकतो ते आपल्या नोकरीच्या कानांनी. आप्पासाहेबांचा उभा जन्म ग्रामसेवकीत गेलेला. त्यांना यातून उमगलं ते असं, की आधी नकाशा होतो, मग वरून कुणीतरी मोठं माणूस येतं, आणि नकाशा नि जागा ताडून बघतं. म्हणजे तपासणी. तपासण्या त्यांनी ढिगाने सोसल्या होत्या. कागदावर रोपांची रांग आणि जागेवर नुसतेच खड्डे असं निघालं, की साहेब लाल पेनाने एकच शब्द लिहीत, 'तफावत'. निवृत्त होऊन नातवंडं झाली तरी त्या शब्दाने आप्पासाहेब अजून झोपेतून उठून बसत. अशा वेळी दुसरे लोक कागद बदलत. आप्पासाहेबांनी ते पाप कधी केलं नाही. ते प्रामाणिक माणूस. ते जागा बदलत.

ज्येष्ठ लागला तसे आप्पासाहेब हातात काठी घेऊन ओढ्याच्या राखणीला बसले. शेजारच्या बिभीषणच्या म्हशी डुंबायला येत, त्या त्यांनी परतवल्या. खेकडे धरायला येणाऱ्यांना पिटाळलं. शेवटी पाळी घरावर आली.

"अहो, त्यो माझा धुन्याचा दगड हाय," चांगुणाबाई बादली कमरेवर घेऊन म्हणाल्या. "माझ्या हक्काचा."

"त्यो आता इद्यापीठाचा हाय. धुनं हापशावर न्या."

चांगुणाबाईंनी धुणं हापशावर नेलं. त्या दिवशी कालवणात मीठ नव्हतं. ते चुकून राहिलं असावं, असं आप्पासाहेबांनी मानलं आणि मुकाट्याने जेवले.

अशी म्हशींपासून, खेकडेवाल्यांपासून आणि खुद्द बायकोपासून त्यांनी ओढ्याची राखण केली. पण ओढ्यापासून ओढ्याची राखण कोण करणार? भाद्रपदात एके दिवशी डोंगरावर आभाळ फाटलं. ओढा असा आला, की रस्त्यावरची मोरी सिमेंटच्या पाइपांसकट वाहून गेली आणि गाव तेव्हापासून फेऱ्याने जाऊ-येऊ लागलं. दिवाळीनंतर पाणी घोट्यावर आलं, तळ दिसू लागला, तेव्हा आप्पासाहेब सहज म्हणून खाली उतरले आणि जागच्या जागी थिजले. नकाशातला ओढा तिथं नव्हताच. मधल्या डोहापाशी दगडांची जी उतरंड होती ती खाली आंब्याखाली जाऊन पडली होती. चांगुणाबाईंचा धुण्याचा दगड पालथा होऊन बिभीषणच्या बांधाला टेकला होता. वरच्या अंगाचे ओळखीचे दगड एकही जागेवर नव्हते आणि कुणी न पाहिलेले भलतेच दगड मधोमध येऊन बसले होते.

त्याच संध्याकाळी जयमालाचा फोन आला.

"आप्पा, आम्ही शनिवारी येतोय. मोनिका मॅडमही येणार आहेत, माझ्या गाईड. मला आता शेवटची मुदतवाढ मिळालीय. हे एवढं झालं की प्रबंध द्यायचा. नाही झालं तर मग सगळंच संपलं. ओढ्याला कुणी हात नाही ना लावला?"

"मानसानं न्हाई लावला," आप्पासाहेब म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर येई.

"मग झालं तर!" जयमाला म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला त्यांना इकडे ऐकू आला.

खरं काय ते तिला सांगावं असं त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. पण पोरीने हाय खाल्ली असती. आप्पासाहेबांना मुलगी नव्हती. जयमाला घरात आली त्या दिवसापासून त्यांचा तिच्यावर फार जीव होता. तो दाखवायचा कसा हे मात्र त्यांना आजवर साधलेलं नव्हतं. भिंगारला तांदळाचं पोतं पाठवणं यापलीकडे त्यांची मजल जात नसे. आता पोरीची तपासणी तोंडावर आली होती आणि जागेवर सगळीच तफावत. त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला, गुंडाळी काखेत मारली आणि गावात श्रमदान पुकारलं.

ग्रामसेवकाने पुकारलेल्या श्रमदानाला गाव येत नसतं, पण निवृत्त ग्रामसेवकाने पुकारलं तर काय भानगड आहे हे बघायला सगळे येतात. बाप्ये पहारी घेऊन आले, बाया घमेली घेऊन आल्या. ट्रॅक्टर आला, साखळदंड आला. आप्पासाहेबांनी एका सपाट खडकावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले, आणि काम कळल्यावर गावाने एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हंजी, ज्ये दगड पान्यानं खाली नेले, ते आपुन वर आनायचे?" बिभीषणने विचारलं.

"आनायचे न् ह्या नकाशात हायेत तिथंच ठिवायचे. नवे आलेत ते भाईर काडायचे."

"आप्पा, दगड हितं काय न् तितं काय, कुनाला कळनार हाय?"

"बिभीषनराव, बोटाच्या पेराएवढं दिसतं त्येंना वरनं."

यावर सगळे एकदम गंभीर झाले. इतक्या बारकाईने बघणारा साहेब गावाने आजवर पाहिला नव्हता. लोक कामाला लागले, आणि एकदा लागल्यावर मात्र गाव इरेला पेटलं. दोऱ्या लावल्या, विती मोजल्या. पोहायला, गुरं पाजायला, बायकोशी भांडून बसायला जो तो आयुष्यभर त्याच ओढ्यात आलेला, त्यामुळे प्रत्येक दगडाला एकेक जामीनदार निघाला.

"ह्यो कुठला?"

"ह्यो माकडतोंड्या. वरच्या वळनावरचा."

"माकडतोंड्या उताना हुता की रं. ह्यो पालथा हाय."

"मंग उताना करून न्या."

भांडण एकाच दगडावरून झालं. आप्पासाहेबांच्या मते तो नकाशाप्रमाणे दीड हात खाली हवा होता. बिभीषण ऐकेना.

"त्या दगडावर बसून मी रोज बिडी वढतो. माझ्या बुडाला म्हाईत हाय त्यो कुठं हाय ते. तुमचा नकाशा चुकला आसंल."

नकाशा चुकेल ही कल्पनाच आप्पासाहेबांना सहन होण्यासारखी नव्हती. पण दिवस मावळत आला होता आणि ट्रॅक्टरवाल्याला धारा काढायच्या होत्या. त्यांनी तेवढा एक दगड बिभीषणला सोडला. घरी येऊन नकाशावरचा चिखल ओल्या फडक्याने टिपला आणि तो पुन्हा भिंतीवर लावला. अंग ठणकत होतं. पण सुनेसाठी आपल्या हातून काहीतरी झालं म्हणून त्यांना फार बरं वाटत होतं.

शनिवारी सकाळी फेऱ्याच्या रस्त्याने गाडी आली. मोनिका मॅडम मूळच्या श्रीरामपूरच्या. बाई मोजकं बोलणाऱ्या आणि बोलताना चष्म्यावरून बघणाऱ्या, त्यामुळे आप्पासाहेबांना त्या पाहताक्षणीच खऱ्या तपासणी अधिकारी वाटल्या. ड्रोन उडाला. सगळं गाव काठावर उभं राहून वर बघत होतं. ओढा जयमालाला अगदी ओळखीचा वाटला, पण आपल्या घरामागचा ओढा ओळखीचा वाटणारच, म्हणून तिने त्यावर विचार केला नाही.

दुपारी ओसरीवर लॅपटॉप मांडला. जिथून दगड गेला तिथं तांबडं दिसणार होतं, जिथं नवा आला तिथं निळं, आणि जिथं काहीच हललं नाही तिथं पांढरं. कम्प्युटरने बराच वेळ घेतला आणि मग चित्र उमटलं. वाळूचे दोन-चार निळे डाग सोडले तर वरपासून खालपर्यंत सगळा ओढा पांढराशुभ्र होता.

"जयमाला," मॅडम म्हणाल्या, "पाऊस झाला होता ना इकडे?"

"मॅडम, मोरी वाहून गेली. म्हणून तर आपण फेऱ्यानं आलो."

"मोरी जाते आणि दगड जात नाहीत?" मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे खरं असेल तर फार मोठं काहीतरी सापडलंय आपल्याला. असा ओढा मी कुठं ऐकलेला नाही. बाहेरच्या लोकांना दाखवायला आणावं लागेल."

दाराशी उभ्या आप्पासाहेबांची छाती फुगली. बाहेरचे म्हणजे कुठले हे त्यांना कळलं नाही, पण राजूरच्या पलीकडचे असावेत एवढं नक्की.

"फक्त इथं," मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं, "एवढ्या एका ठिकाणी तांबडं आहे, आणि लगेच वर निळं. हा एकच दगड सरकलाय. आणि तोही प्रवाहाच्या उलट, वरच्या बाजूला. हे कसं शक्य आहे?"

"बिभीषन!" आप्पासाहेब ओरडलेच. "म्हनलं हुतं मी त्याला! दीड हात खाली पायजे म्हनलं हुतं! ऐकंल तर शपथ!"

जयमालाने हळूच वळून पाहिलं.

"आप्पा, बिभीषणकाकांचा इथं काय संबंध?"

आप्पासाहेबांनी मग सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं, काही वगळलं नाही. पुराने कसा घात केला, गाव कसं उभं राहिलं, माकडतोंड्या उताणा करायला किती माणसं लागली. सांगता सांगता त्यांना जयमालाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना दिसला, तसा त्यांचा आवाजही उतरत गेला.

"आप्पा," ती म्हणाली, "मला तेच मोजायचं होतं. ओढ्यानं कुठला दगड कुठं नेला, तेच."

"म्हंजी... तफावत?"

"तफावतच हवी होती आप्पा. ती तफावत म्हणजेच माझी पीएच.डी."

आप्पासाहेब उंबऱ्यावर बसले. उभ्या नोकरीत त्यांनी ज्या शब्दाची धास्ती घेतली, तो शब्द पोरीला हवा होता, आणि त्यांनी तो साऱ्या गावाकडून घमेल्याघमेल्याने उचलून टाकला होता. जयमाला रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या पांढऱ्या चित्राकडे बघत बसली, आणि ते त्यांना बघवेना.

"आसं करू," ते उठत म्हणाले. "उद्याच्याला परत गाव बोलावतो. पुरानं जिथं टाकले हुते तिथं नेऊन ठिवतो सगळे."

"कुनाला आठवतंय आता कुठला कुठं हुता ते?" आपलं नाव ऐकून अंगणात आलेला बिभीषण म्हणाला. "माझा तेवढा मला म्हाईत हाय."

"तुमी आता त्या वढ्याकडं बघायचं बी न्हाई," चांगुणाबाईंनी आतून नवऱ्याला बजावलं.

मॅडम चष्म्यावरून आप्पासाहेबांकडे बघत होत्या. "आप्पासाहेब, दगड हलवायच्या आधी ओढ्याचा एखादा तरी फोटो कुणी काढला होता का? मोबाईलवर वगैरे?"

एवढ्या दुःखातही आप्पासाहेबांना त्या प्रश्नाचा राग आला. "येखादा? मॅडम, कामापूर्वीचे फोटू काढल्याबिगर आमी फावड्याला हात लावत न्हाई. तसं केलं तर काम झालं हे कोन मानंल?"

ही गोष्ट त्यांनी आधी सांगितली नाही, कारण त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी नव्हतीच. जेवायच्या आधी हात धुतले, हे कुणी सांगतं का? श्रमदानाला गाव जमत होतं तेव्हाच, राजूरला लग्नाचं शूटिंग करणारा अजिनाथ त्यांनी त्यासाठी मुद्दाम बोलावला होता. आणि अजिनाथला थोडक्यात काही काढणं माहीतच नव्हतं. रुखवत मांडलेलं असलं की तो जसा एकेका भांड्यावरून, एकेका लोकरीच्या पोपटावरून सावकाश कॅमेरा नेतो, तसाच तो ओढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला होता. जाताना एका काठाने आणि येताना दुसऱ्या. एकेक दगड समोरून, बाजूने आणि उंचावर चढून वरून.

अजिनाथ मोटारसायकलवर आला आणि सगळं देऊन गेला. जयमालाने पहिल्यांदा खडकांवरच्या पाट्या शोधल्या, कारण त्या खुणांवरूनच नकाशावर नकाशा बसणार होता. त्या पुरातही जागच्या हलल्या नव्हत्या आणि चित्रात स्वच्छ दिसत होत्या. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "मॅडम, होईल ह्यातून," ती म्हणाली. "बहुतेक होईल." मॅडमनी मुक्काम वाढवला. आप्पासाहेबांना मात्र त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. लॅपटॉप ओसरीवर घरघरत राहिला आणि ते त्याच्याकडे आजारी जनावराकडे बघावं तसे मधूनमधून बघत राहिले.

सकाळी चित्र तयार झालं. पुरानंतरचा ओढा जसाच्या तसा पडद्यावर उभा राहिला. आंब्याखाली जाऊन पडलेली उतरंड, बांधाला टेकलेला धुण्याचा दगड, मधोमध आलेले ते परके दगड, सगळं होतं. जयमालाने तो वैशाखातल्या नकाशावर ठेवला, आणि ओढा वरपासून खालपर्यंत तांबड्या-निळ्याने भरून गेला.

"तफावत!" ती टाळी वाजवून म्हणाली. "आप्पा, बघा किती तफावत आहे!"

तो शब्द आनंदाने उच्चारलेला आप्पासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्यांचे डोळे भरून आले. टोपीने डोळे टिपून ते पुढे सरकले.

मॅडम चित्र सावकाश फिरवून बघत होत्या. फिरवता फिरवता थांबल्या. "ही मधोमध एवढी मोठी धोंड कसली? माणसाच्या उंचीची आहे. पुरानं आणली म्हणावी, तर काल आपण उतरलो तेव्हा ही तिथं नव्हती. एवढी जड वस्तू ह्या लोकांनी हलवली कशी?"

जयमाला वाकली. तिने ती जागा मोठी करून पाहिली. धोंडेला टोपी होती. एक हात कमरेवर होता आणि दुसरा ताठ पुढे रोखलेला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "ते माझे सासरे आहेत."

मोजकं बोलणाऱ्या मॅडम एवढ्या मोठ्याने हसतात हे जयमालालाही माहीत नव्हतं. आप्पासाहेबांनी पुढे होऊन स्वतःला नीट निरखलं.

"मी हाय खरा," ते म्हणाले. "पन बाकीचे कुठं गेले? बिभीषन हुता, बाया हुत्या, समदं गाव हुतं की तिथं!"

"कम्प्युटर हलणारी माणसं धरत नाही, आप्पा," जयमाला हसू आवरत म्हणाली. "ती दर चित्रात वेगळ्या जागी असतात, म्हणून तो त्यांना सोडून देतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी जे उभं असेल, तेवढंच ठेवतो. म्हणजे दगड, आणि तुम्ही."

चांगुणाबाई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले, पडद्यातल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं, बाहेरच्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"येवढ्यासाठी कम्प्युटर कशाला लागतो गं?" त्या म्हणाल्या. "मला इचारायचं. समदी राबत्यात आन् ह्ये मधी हुबे, ह्ये मी लगीन झाल्यापास्नं बघतीया."

आप्पासाहेबांनी चहा बशीत ओतला, बशी तोंडाला लावली आणि चहा संपला तरी ती खाली घेतली नाही.